क्लिफ ट्रेंबलचं दार

वेस्टमिन्स्टरच्या सभागृहाची दारं सांभाळणारे आम्ही बरेच, पण क्लिफ ट्रेंबलला वाटायचं, सगळी दारं त्याच्या एकट्याच्याच मालकीची. अंगात काळा कोट, गळ्यात पांढरा टाय आणि हाताशी खासदारांसाठी ठेवलेली तपकिरीची डबी. तपकीर ओढायला आता कुणी फिरकत नाही, तरी हा रोज डबी पुसणार आणि पुसता पुसता स्वतःच शिंकणार. असल्या माणसावर रागावणार तरी किती?

त्याची बायको म्युरिएल संधिवाताने खुर्चीला खिळलेली. अपंगत्व भत्त्यावर सकाळी एक बाई यायची, तिला आंघोळ घालायची, कपडे चढवायची, म्हणून क्लिफला कामावर येता यायचं. सरकारने नेमका तोच भत्ता कापायचं विधेयक आणलं आणि वर त्याला सुधारणा म्हणायचा निलाजरेपणाही केला. सरकार पक्षातलेच कितीतरी खासदार उलटले. आत खडाजंगी चालायची आणि क्लिफ बाहेर मख्ख चेहऱ्याने उभा. दारवानाला मत नसतं, असं तो आम्हालाच ऐकवायचा.

शेवटच्या मतदानाची घंटा झाली. विरोधात मत देणारे ज्या दालनात जातात, त्याच्या दाराशी क्लिफ होता, शेजारी मी. सभापतींचा हुकूम झाला, दारं बंद करा. तेवढ्यात ऑर्डवेबाई धापा टाकत येताना दिसल्या. सरकार पक्षाच्या, पण भत्त्यासाठी बंड केलेल्या.

"क्लिफ, जरा धर दार," मी पुटपुटलो.

त्याने कुलूप लावलं. बाई बाहेरच राहिल्या.

विधेयक एका मताने मंजूर झालं. बाई आत असत्या तर बरोबरी झाली असती आणि रिवाजाप्रमाणे सभापतींनी विरोधात मत देऊन ते पाडलं असतं. माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास, म्हणून मी त्याला नाही नाही ते बोललो.

"हुकूम झाल्यावर सरकारच्या बाजूचा कुणी आला असता, तर त्याला सोडलं असतं का मी?" तो म्हणाला. आणि पुसलेलीच डबी पुन्हा पुसायला लागला.

भत्ता गेला, सकाळची बाई बंद झाली, क्लिफने नोकरी सोडली. मी भेटायला गेलो तेव्हा तो म्युरिएलच्या स्वेटरची बटणं लावत होता. वाकडीतिकडी. मी तिला विचारलं, तुला त्याचा राग नाही आला?

"आला ना. दोन दिवस बोलले नाही," ती म्हणाली. "पण आता रोज सकाळी मला उघडंवाघडं हाच बघणार. मग तो असाच, स्वतःसाठीही लबाडी न करणारा असलेला बरा."

क्लिफने मान खाली घातली आणि बटणं सोडून पुन्हा लावायला घेतली.