खिडकीतलं कडक मीठ

काकडीच्या बरण्यांवर लेबलं चिकटवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. या कामात हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे. त्यामुळे पुढची हकीकत पक्की आहे. कुठे थोडं तिखटमीठ लागलेलं वाटलंच, तर ते वयाच्या खात्यावर टाका.

आमच्या कारखान्यात खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्या होत्या. पहिलीवर थोरला साडू, दुसरीवर धाकटा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरला एकोणीस वर्षांचा मुरलेला. धाकट्याला त्यानेच चिकटवलं होतं, म्हणजे बायकोने त्याच्याकडून चिकटवून घेतलं होतं.

काकडी बरणीत महिनोन्‌महिने राहूनही दाताखाली कट् वाजली पाहिजे. त्यासाठी खाऱ्या पाण्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात. पांढऱ्या पापुद्र्यांचं असतं ते, आम्ही त्याला कडक मीठ म्हणायचो. टाकीला बरोबर दोन किलो. कमी पडलं तर काकडी लिबलिबीत, जास्त झालं तर कडू.

दर शनिवारी तपासणीवाल्या बाई यायच्या. दोन्ही टाक्यांची एकेक बरणी उघडायची, डोळे मिटायचे आणि चावायचं. तेवढा वेळ सगळा कारखाना श्वास रोखून उभा. एकोणीस वर्षं थोरल्याची काकडी कट् वाजत आली होती आणि तो मिशीवरून हात फिरवत आला होता.

त्या वर्षी खारविभागाचे जुने मुख्य निवृत्त व्हायचे होते. बाईंनी सांगून टाकलं, "या महिन्याच्या चार शनिवारांत जो उजवा ठरेल, तो मुख्य." थोरल्याला वाटलं, हे आपल्यासाठीच. पहिल्या शनिवारी धाकट्याची काकडी वाजली आणि बाईंनी डोळे उघडून म्हटलं, "अरे वा!"

त्या 'अरे वा'ने थोरल्याची झोप उडाली. एकोणीस वर्षांत त्याला बाईंकडून फक्त "ठीक" मिळालं होतं.

मग त्याला धाकट्याचं सगळंच खुपायला लागलं. त्याचे केस जास्त, त्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं, वजन करताना शीळ घालतो, आणि शीळही सुरात! घरी जेवताना बायको म्हणाली, "अहो, धाकटीकडे आज बरणी उघडली म्हणे, आवाज शेजारी गेला."

"शेजारी बहिरे असतील, म्हणून मोठ्याने खात असेल तो," थोरला म्हणाला आणि ताट सरकवून उठला.

धाकटा पाण्यात काहीतरी चोरून घालतो, अशी थोरल्याची खात्री झाली. पण पाहायचं कसं? दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक खिडकी होती. तिच्याखालीच काकड्या उकळत्या पाण्यातून काढायची कढई. वाफेने तिथे भिंतीलाही घाम फुटायचा. थोरल्याने आपलं मिठाचं पोतं आणि वजनकाटा उचलून त्या खिडकीशी आणला. नजर पलीकडे, हात पोत्यात. सारखं सोडणं-बांधणं नको म्हणून पोत्याचं तोंड उघडंच.

मी विचारलं, "का रे, इकडे कुठे?"

"उजेड बरा आहे," तो म्हणाला. त्या खिडकीत वाफेमुळे स्वतःचं नाकही दिसत नसे.

दुसऱ्या शनिवारी त्याची काकडी कट् ऐवजी मच् वाजली. तिसऱ्या शनिवारी वाजलीच नाही. बाईंनी ती हळूच रुमालात ठेवली. धाकट्याची मात्र अशी कडाडली, की मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली.

थोरला उसळला. सगळ्यांसमोर धाकट्याकडे बोट रोखून म्हणाला, "विचारा याला, किती मीठ घालतो! तीन किलो तरी घालत असणार!"

"दोनच, दादा," धाकटा म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

"मग माझं दोन किलो कमी का पडतं?"

बाई उठल्या आणि आधी पलीकडे गेल्या. धाकट्याच्या पोत्याचं तोंड दोरीने आवळलेलं, आत मीठ कोरडं खडखडीत. मग खिडकीशी गेल्या, थोरल्याच्या पोत्यात हात घातला आणि बाहेर काढला तो ओला गोळा घेऊन.

"हे मीठ हवेतलं पाणी पितं, हे एकोणीस वर्षांनी मी सांगायचं? दोन किलोत निम्मं पाणीच जोखलंय तुम्ही. पोतं वाफेत का आणलं?"

थोरला काय सांगणार? साडूवर पाळत ठेवत होतो म्हणावं तर अब्रू जाते, कळलं नाही म्हणावं तर मुख्यपद जातं. तो मिशीचं टोक चघळायला लागला. मी लेबल हातातच धरून उभा, डिंक वाळून गेला.

तेवढ्यात धाकटा म्हणाला, "बाई, चूक माझी. मी नवा, म्हणून दादांना म्हटलं, माझ्या हातावर नजर ठेवा. ते बिचारे माझ्यापायी वाफेत उभे राहिले."

तो धडधडीत खोटं बोलत होता. थोरला खिडकीतून पाहतो, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एकदा तर त्याने पलीकडून हातही केला होता.

बाईंनी दोघांकडे पाहिलं. त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. चौथ्या शनिवारी कोरडं मीठ आणून थोरल्याने काकडी वाजवली आणि मुख्यपद त्यालाच मिळालं. कारण म्हणून बाई म्हणाल्या, "दुसऱ्याला शिकवताना स्वतःचं काम बिघडू देणारा माणूस मुख्य हवा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्याने सगळ्यांत जोरात.

मुख्य झाल्यावर थोरल्याने पहिला हुकूम सोडला, ती खिडकी विटांनी बुजवण्याचा. संध्याकाळी लेबलांच्या टेबलाशी येऊन बसला. मी अभिनंदन केलं, तर त्याचा चेहरा कडू काकडी खाल्ल्यासारखा.

"आता काय झालं?" मी विचारलं.

त्याने बरणीवरचा डिंक नखाने खरवडला. मग म्हणाला, "काकडी वाजवतो ते वाजवतो, वर चांगलाही आहे, मेला!"