उतारावरचा चौथा गिअर

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस. अहमदपूरला बसस्टँडच्या मागे माझं गॅरेज आहे. गाडीत आवाज आला तर त्याला कारण असतंच... बेअरिंग, बुश, ढिला बोल्ट, काहीतरी. सापडत नसेल तर आपण नीट शोधलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझं मत आजही तेच आहे. एक गाडी सोडून.

हिवाळ्याचे दिवस होते. सुजाताताई त्यांची जुनी पांढरी हॅचबॅक घेऊन आल्या. ताई इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहेत, मुखेडहून रोज ये-जा करतात. घरी आई आणि अर्धांगवायू झालेले वडील, आबा. वडिलांना अधूनमधून लातूरला डॉक्टरांकडे न्यायचं, म्हणून गाडी हवीच.

"भाऊ, चौथा गिअर टिकत न्हाई," त्या म्हणाल्या. "सकाळी येताना काहीच त्रास न्हाई. दुपारी परत जाताना, मुखेडच्या अलीकडं तो उतार लागतो बघा, तिथं चौथा निघून तिसऱ्यात येतो."

"न्यूट्रलला येत असेल."

"न्हाई ना. तिसऱ्यात येतो."

मी मान हलवली, पण मनात म्हटलं, ताईंचा काहीतरी गोंधळ होतोय. गिअर निसटला तर न्यूट्रलला येतो. आपणहून वेगळ्याच गिअरमध्ये जाऊन बसत नाही.

तरी सगळं तपासलं. इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहिले, लोण्यासारखे पडत होते. चालू करून पाहिले, तसेच. क्लचचा प्ले बरोबर. इंजिनचे माउंटिंग शाबूत. गिअर ऑइल काढून बोटावर घेतलं, चुऱ्याचा कण नाही. दुपारीच होतंय म्हणजे गाडी तापल्यावर होत असेल, म्हणून शेवटी गिअरबॉक्सच उतरवला. आतल्या रिंगा, फोर्क, सगळं चांगलं. परत बसवला, गावाबाहेर लांब चक्कर मारून आलो. गाडी झकास.

दुसऱ्याच दिवशी ताईंचा फोन. "भाऊ, तसंच हाय. आता विकूनच टाकते. आबांना घेऊन जाताना कुठं दगा दिला तर?"

मला ते लागलं. म्हटलं, आज मीच तुमच्याबरोबर येतो.

दुपारी निघालो. गाडी मी चालवत होतो, ताई शेजारी. दोन्ही बाजूंना करडई फुललेली. ऊन असं मऊ, पिवळसर, की रस्ता पुढे वितळून शेतातच शिरतोय असं वाटावं. एक-दोन एसटी सोडल्या तर वाहन नाही. माळ संपून उतार सुरू झाला आणि मी चौथा टाकला.

आणि माझ्या हातावर हात आला.

घाबरलो म्हणाल तर नाही. हे सगळ्यात विचित्र. उबदार, जड, खरखरीत तळव्याचा हात. लहानपणी कुणीतरी हाताला धरून अक्षर गिरवायला लावतं ना, अगदी तसा. दिसत काहीच नव्हतं, लिव्हरवर माझीच बोटं. पण पायाखाली क्लच सावकाश खाली गेला. लिव्हर न्यूट्रलला आला. क्लच वर. माझा उजवा पाय सवयीने हलकी रेस देऊन गेला. क्लच पुन्हा खाली... आणि तिसरा अलगद बसला. खर्रकन आवाज नाही, झटका नाही. गाडी आपल्या चालीने उतार उतरू लागली.

खाली पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली. हे बिघाडाचं लक्षणच नव्हतं. हा डबल क्लच होता, एक गिअर बदलायला दोनदा क्लच दाबायचा! जुन्या लॉरी, जुन्या एसटी अशाच चालवायच्या. मी उस्तादाकडे तसंच शिकलो. आताच्या गाडीला कुणी तसं करत नाही.

"ताई," मी विचारलं, "तुमच्या घरात जुनी गाडी कोण चालवायचं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आबा. एसटीवर ड्रायव्हर होते. मला गाडी त्यांनीच शिकवली, याच रस्त्यावर. माझ्या हातावर हात ठेवून." मग हळूच म्हणाल्या, "तुम्हालाबी लागला का हात?"

म्हणजे त्यांना रोज लागत होता. वेडी म्हणतील म्हणून बोलल्या नव्हत्या.

तसेच घरी गेलो. आबा खिडकीपाशी पलंगावर. डावं अंग पूर्ण गेलेलं, वाचाही गेलेली. मी "जय भीम, आबा" म्हटलं. डोळे माझ्याकडे वळले, तेवढंच.

ताईंच्या आई चहा घेऊन आल्या. ताईंनी विचारलं, "आई, दुपारी आबा काय करत असतात?"

"काय करतेत? पडूनच असतेत की." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पर तुझी यायची वेळ झाली की त्येंचा हात हालतो बग. ह्यो डावा. डाक्टर म्हणले, त्यात जीव न्हाई. मी म्हणलं, मला भास होऊन राहिला. म्हणून सांगितलं न्हाई."

ताईंनी पदर तोंडाला लावला. मी मेकॅनिक माणूस... खात्री केल्याशिवाय मला चैन पडेना. म्हटलं, ताई, तुम्ही इथंच बसा. मी गाडी घेऊन वर जातो, उतरताना फोन स्पीकरवर ठेवतो.

वर माळावर गाडी वळवली. सूर्य कलला होता, करडईवर सोनं सांडल्यासारखं झालं होतं. फोन लावून समोर ठेवला. उतार लागला. चौथा टाकला.

"भाऊ... अंगठा हालला. पायाचा," फोनवर ताईंचा आवाज. "गोधडी दाबून राहिलेत."

पायाखाली क्लच खाली गेला.

"हात पुढं सरकवला..."

लिव्हर न्यूट्रलला. मग त्या "आता" म्हणाल्या आणि तिसरा बसला, एकाच क्षणी. पलीकडे आईंचा आवाज आला, "उताराला टॉप गिअर टाकायचा न्हाई, गाडी आवरत न्हाई, म्हणायचे नेहमी..." मी उतरत राहिलो. डोळ्यांतून पाणी का येत होतं मला कळेना. मी तर त्या माणसाला तासाभरापूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं.

ताईंना मी एकच सांगितलं, गाडीत काही दोष नाही, उताराला हात ढिला सोडत जा. गाडी विकली गेली नाही. पुढं कधी भेटल्या की हसून सांगायच्या, "रोज भेट होते बगा." आबा बोलू शकत नव्हते, पण दिवसातून एकदा बाप-लेकीचं एवढं बोलणं व्हायचं.

उन्हाळा लागता लागता आबा गेले. झोपेतच. मी मुखेडला भेटून आलो.

त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी ताई गॅरेजवर आल्या. गाडी दारात उभी केली, पण उतरल्या नाहीत. मी खिडकीपाशी गेलो.

"भाऊ, चौथा टिकायला लागला."

मी वाकून आत लिव्हरकडे पाहिलं.

"पूर्ण उतार उतरते, तरी टिकतो," त्या म्हणाल्या. हात अजून लिव्हरवरच होता. "तुम्ही गिअरबॉक्स उघडला होता ना... परत उघडून बघता का? पहिल्यासारखं करून देता येईल का काही?"

गाड्यांची कितीतरी दुखणी मी दुरुस्त केलीत. हे मला येत नव्हतं. तरी मी म्हटलं, "ठेवून जा, ताई. बघतो."

गाडी दोन दिवस ठेवली. गिअरबॉक्स उघडला नाही, नुसती पुसून काढली. दोन्ही दिवशी दुपारी तिला घेऊन त्या उतारावर गेलो. चौथा टाकला, हात ढिला सोडला, वाट पाहिली. गाडी सरळ खाली गेली, चौथ्यातच.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. ताई अजून विचारतात.