दिलेलं रोप रुजत नाही

लुडविना वासिंगर आठवड्यानं घरी परतली आणि मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला पहिली दिसली ती खडी. पांढरीशुभ्र, मागच्या कुंपणापासून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पसरलेली. मधोमध दोन लाकडी पिंपं, त्यांत लालभडक जिरेनियम, आणि बसायला एक बाक. विचिटा शहरातून तिला गाडीनं सोडायला आलेली लेक "किती छान केलंय गं" म्हणाली आणि आईचं तोंड पाहून गाडीतली बॅग काढायला वळली.

"माझी बेरी कुठाय?" लुडविनानं विचारलं.

बेरी नव्हतीच. यंत्रानं वीतभर माती खरवडून काढली होती आणि ती माती गावाबाहेरच्या कचऱ्यात गेली होती.

ही काळी बेरी आमच्या चार-सहा गावांबाहेर उभ्या कॅन्सस राज्यात कुणाला कळत नाही, आणि ज्यांना कळत नाही ते तिला विषारी तण म्हणतात. मिरीहून जरा मोठं फळ. कच्चं खाल्लं तर पोट बिघडतं, म्हणून पिकल्यावर खायचं, एवढी अक्कल आमच्या शेंबड्या पोरांनाही असते. लुडविनाची पणजी रशियातलं व्होल्गा नदीकाठचं जर्मन लोकांचं गाव सोडून निघाली तेव्हा पायमोज्यात बांधून हे बी घेऊन आली. ते कुणी पेरत नाही. पडलेल्या फळांतून बटाट्याच्या सरीत आपोआप उगवतं आणि खुरपणारा त्याला वळसा घालून पुढं जातो. दर सप्टेंबरात लुडविना बोटं जांभळी होईपर्यंत बेरी तोडायची आणि चर्चच्या जेवणाला तिचा कूखेन करायची. खाली फुगलेल्या पिठाचा लुसलुशीत थर, त्यावर साखरेत घोळलेली बेरी, मग साय, आणि सगळ्यात वर लोणी-पिठाचा चुरा. एकेचाळीस वर्षं, दर वर्षी बारा ट्रे. घरात मागं एक दाणा उरायचा नाही. नवरा अलॉयस जूनमध्ये तेलविहिरीवरच्या अपघातात गेला, त्या वर्षीही सप्टेंबरात बारा ट्रे झाले. फक्त त्या वर्षी ती कुणाशी बोलली नाही.

रोप मात्र तिनं कधी कुणाला दिलं नाही. आजीनं सांगून ठेवलं होतं की दिलेलं रोप रुजत नाही आणि देणाऱ्याचंही वाळतं. गावातले काहीजण याला श्रद्धा म्हणायचे, बाकीचे कंजूषपणा. रोझालिया फान्नेनस्टील ही तिची शाळेपासूनची मैत्रीण आणि पलीकडच्या आळीतली शेजारीण. ती तीनदा रोप मागायला आली, तीनदा रिकाम्या हातानं गेली, आणि चौथ्यांदा आलीच नाही. तेव्हापासून तीस वर्षं दोघी चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात आणि एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

खडी टाकणारा परका असता तर लुडविनानं चार शिव्या देऊन विषय संपवला असता. पण निघाला घरचाच. ड्वेन, तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, शाळेत भूगोल शिकवणारा आणि गावाच्या पर्यटन समितीचा अध्यक्ष. गावातलं सगळ्यात जुनं दगडी घर लुडविनाचं, आणि ते पाहुण्यांना दाखवायचं समितीनं ठरवलं होतं. "अंगण जरा साफ करून घेऊ का?" असं त्यानं फोनवर विचारलं आणि ती ऑपरेशनच्या गडबडीत हो म्हणून बसली.

त्याच संध्याकाळी तो आला, तो हसतच. गुडघ्यापर्यंत कातड्याची चड्डी, खांद्यावरून पट्टे, टोपीत पीस.

"काय मावशी, कसं वाटलं अंगण?"

"हे काय सोंग घातलंयस?"

"सोंग काय? आपला पारंपरिक पोशाख."

"आपला? तुझा आजोबा लोकरीच्या पँटमध्ये जगला आणि त्यातच मेला. हा वेष जर्मनीतल्या बव्हेरियाचा, आणि तिथले डोंगर आपल्यातल्या कुणी चित्रातसुद्धा बघितले नव्हते. शंभर वर्षं व्होल्गाकाठी काढली, दीडशे होत आली इथं. आणि भूगोल शिकवतोस म्हणे!"

"मावशी, व्होल्गा बघायला कोण येणार? जर्मन म्हटलं की लोकांना हेच लागतं." त्यानं आवाज मऊ केला. "शनिवारी चर्चच्या जेवणाला शिकागोच्या मासिकातली बाई येतेय. अस्सल जेवण चाखायला. तू या खेपेला तो चेरी घातलेला चॉकलेटचा केक कर ना. ब्लॅक फॉरेस्ट. फोटोत झकास दिसतो."

"बेरी कुठाय, ड्वेन?"

"कसली बेरी? तिथं नुसतं तण माजलं होतं!"

लुडविना तापट खरीच, पण हा राग तिच्या ओळखीचा नव्हता. याच पोरानं लहानपणी याच घरात कूखेनचा ट्रे चाटून जांभळं तोंड पडद्याला पुसलं होतं. ट्रेमधली बेरी त्याला ठाऊक होती, झाडावरची नव्हती. आणि झाडावरची त्याला दाखवणार कोण होतं? परसाच्या कुंपणाच्या आत तिनं त्याच्या आईलाही पाऊल टाकू दिलं नव्हतं. हा विचार टोचला तशी ती आणखी भडकली. तिनं एक पिंप दोन्ही हातांनी ढकलून पाडलं आणि म्हणाली, "चालता हो."

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये ती वेळेवर आली आणि नेहमीच्या जागी एक रिकामा ट्रे ठेवून त्याच्यामागं उभी राहिली. लोक ताटात शेवया आणि कोबी-मटण भरलेले पाव घेऊन रांगेनं पुढं सरकत होते.

"लुडविना, कूखेन कुठाय?"

"ड्वेनला विचार."

पुढचा आला. "संपला एवढ्यात?"

"ड्वेनला विचार."

ड्वेन दारापाशी मासिकातल्या बाईला आमची परंपरा समजावत होता. एकेक म्हातारा ताट घेऊन त्याच्यापुढं जायचा आणि विचारायचा, आणि तो पट्टे ओढत पुटपुटायचा, "खडी टाकली... मला माहीत नव्हतं." अकराव्यांदा हे सांगताना त्याचा आवाज चिरकला. बाईनं त्या रिकाम्या ट्रेचा फोटो काढला आणि लुडविनाला विचारलं, "हीसुद्धा एखादी जुनी प्रथा आहे का?"

"नाही," लुडविना म्हणाली, "ही नवीन आहे. अध्यक्षांनी सुरू केलीय."

तेवढ्यात रांग मोडून रोझालिया आली. हातात कापडानं झाकलेला ट्रे. तो तिनं लुडविनाच्या ट्रेशेजारी आपटला आणि कापड ओढलं. सायीखालून काळी-जांभळी बेरी वर आली होती.

"कुठून आणलीस?" लुडविनानं विचारलं. तीस वर्षांतले हे पहिले शब्द.

"माझ्या परसातून."

"तुझ्या परसात कुठून आली?"

"तुझ्यातून. अलॉयसच्या मयतीच्या दिवशी. तुम्ही सगळे इथं चर्चमध्ये होता, मी मागच्या दारानं गेले आणि उपटून आणलं."

"चोरटी! माझा नवरा पेटीत, आणि तू माझ्या परसात!"

"हो, चोरली! दिली असतीस तर चोरावी लागली असती का?" रोझालियाही पेटली. "तीस वर्षं मी पडदे ओढून कूखेन खाल्लाय. पाहुणा आला की ट्रे कपाटात. माझ्या स्वतःच्या नातवंडांना मी तो खाऊ घातला नाही, त्यांनी बाहेर सांगितलं तर, म्हणून! परवा कुंपणावरून तुझी खडी बघितली आणि घास उतरला नाही. म्हटलं, झाली लपवाछपवी तेवढी पुरे."

लुडविनानं एक तुकडा तोडून तोंडात घातला. तिला तो वाईट लागायला हवा होता. जीभ फितूर झाली. तोच तो आंबटगोड, जरासा मातकट स्वाद, आजीच्या हातचा. ही बया चोर नसती तर हा स्वाद आज कचऱ्याच्या ढिगाखाली गेला असता, हे तिला कळलं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"साखर जास्त झालीय," ती म्हणाली.

"मुकाट्यानं खा."

"झाडावर पिकलेली आहे अजून?"

"आहे."

"मी मागणार नाही."

"मागूच नकोस, दिलेलं रुजत नाही ना तुझं! सोमवारी सकाळी मी दातांच्या डॉक्टरकडं जातेय. कुंपणाचं दार मी लावत नाही."

सोमवारी दहा वाजता लुडविना रोझालियाच्या परसातून एप्रनचा ओचा बेरीनं भरून आणि एक रोप मुळासकट उपटून परत आली. तोंडाला जांभळा डाग होता. ड्वेन सकाळपासून फावड्यानं खडी उपसत होता. आज साध्या पँटमध्ये होता आणि हाताला फोड आले होते. तिनं ते रोप त्याच्या नाकापुढं धरलं.

"पान बघ. नीट बघ! हे फूल. हिरवं खायचं नाही, काळं झालं की खायचं. वास घे. आता पुन्हा तण म्हणालास तर फावडं डोक्यात घालीन."

मग उघड्या मातीत गुडघे टेकून तिनं एकेक बेरी अंगठ्यानं चिरडून दाबली. मूठभर बेरी तिनं बाकी ठेवली होती, ती उठताना बाकावर ठेवली.

"मी आता पाठ फिरवणार आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग तू चोरायचं आणि तुझ्या परसात नेऊन लावायचं."

"अगं मावशी, मग सरळ दे ना हातात."

"चोर म्हणते ना, गाढवा!" ती अशी ओरडली की पलीकडच्या आळीतलं कुत्रं भुंकलं. मग घराच्या दगडी भिंतीकडं तोंड करून ती हाताची घडी घालून उभी राहिली. मग खडीवर त्याची पावलं वाजली, बाकापाशी थांबली आणि घाईघाईनं फाटकाकडं गेली, तरी तिनं वळून बघितलं नाही.