फिरवायची राहिलेली ताटली

मनिलापासून काही तासांवरच्या आतिमोनानच्या बंदरामागच्या गल्लीत पुरिंगचा मायक्रोवेव्ह हा थट्टेचा विषय होता. त्याच्यावर क्रोशाचं पांढरं झाकण, झाकणावर सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची, लाल झग्यातली मूर्ती आणि मूर्तीपुढे कागदाची फुलं. वायर गुंडाळून, रबर लावून मागे सारलेली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "सगळ्यांचे देव फळीवर बसतात. पुरिंगबाईंचा देव विजेच्या पेटीवर बसतो, पण ती कधी तापतच नाही, त्याला थंडी वाजत असेल." पुरिंगही हसून मान डोलवायची. दोन वर्षांत त्या पेटीचं दार कुणी उघडलं नव्हतं आणि का उघडलं नव्हतं, हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

पुरिंगचा सगळा जन्म केळ्यांत गेला. बसथांब्यासमोर तिची गाडी होती. आखूड, जाड साबा केळी तांबड्या साखरेत तळायची, काडीला टोचायची आणि बसच्या खिडक्यांपाशी धावत जाऊन विकायची. तिची कढई लहान पोराला आंघोळ घालता येईल एवढी. हाताला सवय एकदम पन्नास-साठ केळ्यांची. त्यामुळे एकट्यादुकट्यासाठी काही करायचं म्हटलं की ती गोंधळून जायची. तिचा नवरा तेम्योंग ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली तीनचाकी रिक्षा, चालवायचा. दुपारी घरी आला की त्याला नारळाच्या दुधातली गोड केळी हवी असत आणि पुरिंग खेकसायची, "सकाळपासून चुलीपुढे भाजून निघालेय मी. तुझ्या एका जिभेसाठी पुन्हा चूल पेटवू?" तो बिचारा पाणी पिऊन खाटेवर आडवा व्हायचा.

हे ऐकूनच त्यांच्या मुलीनं, मारिविकनं, हाँगकाँगहून पाठवलेल्या खोक्यात साबण, डबाबंद मांस, चपला यांच्याबरोबर तो मायक्रोवेव्ह घातला. खोकं जहाजानं आलं. मारिविक तिकडे एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची देखभाल करत होती. तिनं फोनवर स्वतःचं तोंड दाखवत आईला शिकवणी दिली.

"इनाय, एक केळं घे."

"एक? एका केळ्याला हात लावायची मला लाज वाटते गं."

"लाज नंतर वाटून घे. आधी चकत्या कर. मगात टाक. दोन चमचे तांबडी साखर, चमचाभर पाणी, मिठाचे चार कण. दीड मिनिट फिरव. मग नारळाचं दूध, आणि पुन्हा अर्धं मिनिट. दूध आधी घालू नकोस, फाटेल."

"तीस वर्षं नारळ पिळतेय मी. तू मला दूध फाटायचं शिकवतेस?"

तिनं दूध आधीच घातलं. ते फाटलं, उतू गेलं आणि काचेच्या ताटलीवर सांडलं. तेम्योंगनं ते फाटलेलंसुद्धा चाटूनपुसून संपवलं आणि मुलीला म्हणाला, "तुझी आई आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली. आणखी एखादं यंत्र पाठव."

"तू तिकडे हेच खातेस?" पुरिंगनं विचारलं.

"आजी झोपल्या की त्यांची सून गॅस बंद करते, पुन्हा पेटवू देत नाही. मग माझ्यासाठी एक मग. केळं नाहीतर सफरचंद. पोटाला पुरतं."

पोरगी इतकी वर्षं रोज एका मगात एकटी जेवत होती, हे पुरिंगला त्या दिवशी कळलं. तो मग धुताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते साबणावर ढकललं.

तेम्योंगला मात्र यंत्राचं वेडच लागलं. मग आत ठेवला की तो स्टूल ओढून दारापुढे बसायचा आणि आत काचेची ताटली फिरताना बघत राहायचा. एकदा म्हणाला, "पुरिंग, ही ताटली तुझ्यासाठीच केलीय. हिला कुणी सांगावं लागत नाही, आपली आपण फिरते."

यात टोमणा होता. जेवताना मध्येच कुणी उठून बाहेर निघालं, तर बाकीच्यांनी आपापली ताटली जागच्या जागी फिरवायची, म्हणजे गेलेला माणूस सुखरूप पोचतो. हे तिकडे घरोघरी करतात, पण बहुतेक जण आठवलं तर करतात. पुरिंगला कधी विसर पडला नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी उठलं तर ती अनोळखी पाहुण्यांच्याही ताटल्या फिरवून यायची. एका बारशाला तिनं चक्क पाद्रीबुवांची ताटली फिरवली होती, सूप असलेली. मारिविक पहिल्यांदा परदेशी निघाली, तेव्हा तर घरातल्या धुतलेल्या ताटल्याही मांडणीतून काढून तिनं फिरवल्या होत्या. तेम्योंग तिला ताटल्यांची फौजदारीण म्हणायचा.

मग ती दुपार आली. दोघं टेबलाशी बसून मगातली केळी खात होती. दारात शेजारीण चेदेंग धापा टाकत आली. तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

"तेम्योंग, ऊठ बाबा! पोर अर्धं वाटेत आहे!"

तेम्योंगच्या मगात दोन चकत्या उरल्या होत्या. तो उठला, किल्ली घेतली. पुरिंगचा हात सवयीनं टेबलावर गेला. टेबलावर ताटली नव्हती. दोन मग होते आणि दोन चमचे.

"आता फिरवू काय? हा मग?" ती म्हणाली.

"अगं, हे काय जेवण आहे? दोन घास गोड. माझ्या त्या चकत्या खाऊ नकोस, आलोच."

ती हसली. खरंच हसली. मांडणीत चार पावलांवर ताटल्या होत्या. एखादी काढून फिरवायला कितीसा वेळ लागला असता? पण जेवण नव्हतंच ते, आणि चुलीशिवाय, ताटाशिवाय झालेल्या खाण्याला नियम लागू होतो की नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तेम्योंगनं चेदेंगच्या सुनेला वेळेत दवाखान्यात पोचवलं. परत येताना समुद्राकडच्या वळणावर समोरून नारळांनी भरलेला ट्रक आला. पुरिंगला बातमी कळली तेव्हा त्या दोन चकत्या मगाच्या तळाशी तशाच होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना मुंग्या लागल्या.

लोक म्हणाले, त्याची वेळ आली होती. पाद्रीबुवाही तेच म्हणाले. पुरिंगनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, वेळ नाही आली, माझी ताटली राहिली. कुणी कितीही समजावलं असतं तरी ते तिच्या मनातून निघालं नसतं.

मारिविक बापाच्या मातीला आली नाही. म्हातारीची तब्येत बिघडली होती, सुनेनं रजा नाकारली, आणि सोडून आली असती तर पुन्हा कामाचा परवाना मिळण्याची मारामार. ती फोनवर रडली. पुरिंग एवढंच म्हणाली, "असू दे. काम कर." त्याहून जास्त बोलली असती, तर त्या दोन मगांची गोष्ट तोंडातून निघाली असती. आणि यंत्र पाठवणारी पोरगी ते ओझं जन्मभर वाहत बसली असती. म्हणून पुरिंगनं फोनवर बोलणंच कमी केलं आणि यंत्रावर सांतो निन्यो आणून बसवला. वाटलं, तो तरी ते दार उघडू देणार नाही.

दोन वर्षांनी मारिविकला एकदाची रजा मिळाली. घरात शिरल्या शिरल्या तिची नजर क्रोशाच्या झाकणावर गेली. ती बापाच्या थडग्यावर मेणबत्त्या लावून आली, गाडीवर आईबरोबर केळी टोचायला बसली. त्या दुपारी जन्मलेली चेदेंगची नात अंगणात दुडदुडायची. तिचं नाव त्यांनी आर्तेमिया ठेवलं होतं, तेम्योंगच्याच खऱ्या नावावरून. पुरिंग तिला रोज एक केळं द्यायची आणि चेदेंग दुसरीकडे बघायची. मायलेकी पावसावर बोलत, साखरेच्या भावावर बोलत. खरी गोष्ट मात्र दोघींच्या मध्ये तशीच पडून राहिली.

निघायच्या दिवशी दुपारी मारिविकच्या तोंडून ते निघालंच.

"इनाय, माझ्यावर एवढा राग आहे तर तोंडावर बोल ना."

"कसला राग?"

"मी दिलेली वस्तू तू गाडून टाकलीयस. वर देव बसवलास, म्हणजे कुणी हात लावायला नको. मी इतायच्या मातीला आले नाही म्हणूनच ना?"

"वेडी आहेस का?"

"मग काय कारण आहे? सांग की!"

पुरिंग ओट्यावरचा फडका पिळत राहिली. पिळायला त्यात पाणी नव्हतं. मारिविकनं उठून सांतो निन्योला दोन्ही हातांनी अलगद उचललं, फळीवर ठेवलं, झाकणाची घडी केली आणि वायर सोडवली.

"निदान माझ्या हातचं एकदा खा. पुन्हा कधी येईन देव जाणे."

तिनं दोन केळ्यांच्या चकत्या केल्या. दूध मागाहून घातलं. वास सुटला आणि पुरिंगला तेम्योंग स्टुलावर बसलेला दिसला. दोघी समोरासमोर बसल्या. मारिविकनं दोन-तीन चमचे खाल्ले असतील, तोच गल्लीच्या तोंडाशी व्हॅनचा भोंगा वाजला. मनिलाला विमानतळावर जाणारी व्हॅन ठरल्या वेळेच्या आधीच आली होती.

"संपव आधी," पुरिंग म्हणाली.

"आत बाकीची माणसं बसलीयत, इनाय. तो थांबायचा नाही."

"एवढं संपव म्हणते ना!"

भोंगा पुन्हा वाजला. मारिविक उठली. पुरिंगनं टेबलावर पाहिलं. दोन मग, दोन चमचे. तिनं मुलीचं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली.

"ताटली नाहीये," ती म्हणाली. "बघ ना, ताटली नाहीये. त्या दिवशीही नव्हती. तो असाच उठला, चकत्या ठेवून, आणि मी हसले गं. मी हसत बसले."

मारिविकला सगळं कळलं. यंत्रावर बसवलेला सांतो निन्यो, फोनवरचं ते "असू दे", सगळं.

"इनाय... ते मी पाठवलं होतं."

"म्हणूनच सांगत नव्हते," पुरिंग रडत म्हणाली. "हे तुझ्या तोंडून ऐकायला नको, म्हणूनच."

दोन वर्षं जे ओझं तिनं एकटीनं धरून ठेवलं होतं, ते शेवटी निघायच्या घटकेला पोरीच्या डोक्यावर गेलंच. आता ते परत घेता येणार नव्हतं. व्हॅनवाला ओरडायला लागला. मारिविकनं डोळे पुसले, आपला अर्धा उरलेला मग उचलून यंत्रात काचेच्या ताटलीवर ठेवला, दार लावलं आणि बटण अगदी मंद आचेवर, लांब वेळेवर फिरवलं. आत दिवा लागला. ताटली फिरू लागली.

"ही बघ, फिरतेय. इताय म्हणायचा ना, हिला सांगावं लागत नाही? तू इथेच उभी राहा. बाहेर येऊ नकोस." तिनं आशीर्वादासाठी आईचा हात आपल्या कपाळाला लावला, पिशव्या उचलल्या आणि मागे न बघता निघाली.

पुरिंग यंत्राच्या दारापुढे उभी राहिली. व्हॅनचा आवाज मोठ्या रस्त्याला लागला, समुद्राकडच्या वळणाच्या दिशेनं गेला. तेवढ्यात दिवा विझला. पंखा बंद पडला, गल्लीतले सगळे टीव्ही एकदम गप्प झाले. वीज गेली होती, तिकडे रोजच जाते तशी. ताटली अर्ध्यात थांबली.

पुरिंगनं यंत्राचं दार उघडलं, हात आत घातला आणि काचेची कड बोटांनी धरून ताटली फिरवायला लागली. हळूच, वरचा मग कलंडू नये म्हणून.

संध्याकाळी चेदेंग मेणबत्ती घेऊन आली, तेव्हाही ती तशीच उभी होती.

"अगं बाई, हे काय करतेयस?"

"मारिविक गेलीय," पुरिंग म्हणाली.

चेदेंगनं मगाकडे पाहिलं, टेबलावरच्या दुसऱ्या मगाकडे पाहिलं. त्या दुपारी दारात उभं राहून तेम्योंगला हाक मारणारी तीच होती. टेबलावर काय होतं आणि काय नव्हतं, हे तिनंही पाहिलं होतं. तिनं मेणबत्ती ओट्यावर चिकटवली आणि पुरिंगसाठी स्टूल ओढून दिलं. "दमलीस की सांग," ती म्हणाली, "मी फिरवते." पुरिंगनं तिला फिरवू दिलं नाही, पण जाही म्हटलं नाही.

वीज आली, तरी पुरिंगनं बटणाला हात लावला नाही, हातानंच फिरवत राहिली. पोरीचं खाणं करपलं असतं. फोन वाजला. मारिविक विमानतळावर पोचली होती.

"पोचले, इनाय. आता बस कर."

"विमान राहिलंय अजून," पुरिंग म्हणाली.

पहाटे हाँगकाँगहून निरोप आला. पोचले, म्हातारीला चहा देतेय, तू काही खाल्लंस का. पुरिंगनं मग बाहेर काढला. दूध थिजून फाटलं होतं, केळी काळी पडली होती. तिनं तळापर्यंत सगळं खाल्लं, एक चकतीही ठेवली नाही. मग धुतला, पुसला. यंत्राचं दार लावायला गेली आणि थांबली. आत काचेची ताटली रिकामी होती. पुरिंगनं पुन्हा हात आत घातला आणि ती एकदा, पूर्ण, तेम्योंगसाठी फिरवली.