मालकाच्या पुढं गाडी

"ए, ऊठ. हे ड्रायव्हर लोकांसाठी आहे."

हर्षभैया असं म्हनला तवा मी तिसऱ्या रांगेतल्या लाल खुर्चीवर बसल्तो. समोर एक साहेब झेंडे दाखवून राह्यला व्हता. पिवळा म्हंजे हळू, लाल म्हंजे जागेवर थांब. जालन्याच्या भायेर एका बंद पडलेल्या मिलच्या आवारात पैसेवाल्या पोरांनी क्लब काढलाय. डांबराचं चक्कर, नऊ वळनं, आन् रविवारी गाड्यांची रेस. रेसच्या आधी सगळ्या ड्रायवरांना तंबूत बसवून नियम सांगतात. तंबूच्या तोंडाला इंग्रजीत पाटी व्हती, फक्त ड्रायवरांसाठी. मी आयटीआय केलेला मानूस. पाटी वाचली आन् आत गेलो.

"मी बी ड्रायवरच ना, भैया," मी म्हनलो. "दोन नंबरचा. तुम्हीच बोल्लं व्हतं."

बोल्लाच व्हता तो. दोन वर्षं दर रविवारी मी त्याची लाल गाडी सांभाळली. इंजिन मी खोललं, ब्रेक मी बसवले, कोनत्या वळनाला कोनता गिअर ते मी त्याच्या शेजारी बसून सांगितलं. त्याच्या बदल्यात एकच मागनं. एकदा मला बी रेसमधी चालवू द्या. तो म्हनला व्हता, पुढच्या वेळी तुझं नाव दोन नंबरचा ड्रायव्हर म्हणून टाकतो. ती पुढची वेळ म्हंजे तो रविवार.

भैयानं आजूबाजूच्या लोकांकडं पाह्यलं आन् हसला. "अरे बाबा, तसला ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर लोकांचं जेवण तिकडं ठेवलंय, लिंबाखाली. जा, गरम आहे तोवर घे."

सगळा तंबू हसला. झेंडेवाला साहेब बी हसला, मंग खोकल्यासारखं केलं. मी उठलो. खुर्चीच्या हाताला माझं ग्रीस लागल्तं. भैयानं खिशातून रुमाल काढला, खुर्ची पुसली, आन् मंगच तिच्यावर बसला. ते ग्रीस त्याच्याच गाडीचं व्हतं.

लिंबाखाली पैसेवाल्यांच्या गाड्या चालवत आलेले दहा-बारा जन बसल्ते. एक जन सरकला. म्हनला, "ये, बस. नवा हायेस का?" पत्रावळीत पुरी-भाजी वाढलेली. मी जेवलो. हे सांगायला आजबी लाज वाटती, पन जेवलो. भूक लागल्ती. आन् बसायला कोनी जागा दिली ती तिथंच.

माझा बाप भैयाच्या घरचा, त्याच्या वडलांचा ड्रायवर. सव्वीस वर्षं. आमचं गाव केदारखेडा, त्यांची जमीन बी तिथलीच. आता त्यांचा सळईचा कारखाना जालन्यात हाय. आधी जीप, मंग मोठी पांढरी गाडी, स्टेरिंगवर बापच. गाडीत मालकाच्या खांद्याला खांदा लावून बसायचा. त्यांच्या ओट्यावर मातर न्हाई. चहाचा त्याचा कप गोठ्याच्या खिडकीत पालथा ठेवलेला असायचा, तो बापानंच विसळून घ्यायचा.

लगनात शेवटची पंगत उठत आली, मांडववाले दोऱ्या सोडायला लागले, की कोनीतरी वराडतं, "ड्रायवर लोकं जेवले का?" तुम्ही बी ऐकलं असंल. मी ते बोनटाला टेकून ऐकलंय. आष्टीला एका लगनात मी आठ वर्षांचा व्हतो. बुंदीचा वास आला, राहवलं न्हाई, पहिल्याच पंगतीत जाऊन बसलो. एका पाव्हन्यानं दंडाला धरून उचललं. "हे तर ड्रायवरचं पोरगं." बाप पळत आला. वाटलं, आता त्या पाव्हन्याला बोलंल. त्यानं माझ्याच कानफटात दिली. "आपलं पान मागून येतं, कळलं का?"

बाप गाडी लई देखनी चालवायचा. कधी ओरखडा न्हाई, कधी गिअर कुरकुरला न्हाई. मला क्लच धरायला त्यानंच शिकवलं. पन त्याचा एक कायदा व्हता. मालकाच्या पुढं गाडी काढू नये. घरच्या दोन गाड्या निघाल्या आन् पुढच्या गाडीत मालक का मालकाचं पोरगं असलं, तर ते बैलगाडीच्या चालीनं जाऊ दे, बाप मागंच. रस्ता रिकामा असला तरी मागंच. केदारखेड्यापासून भोकरदनपर्यंत आम्ही धूळ खात गेलोय. मी म्हनायचो, "आबा, काढा ना पुढं." तो म्हनायचा, "ड्रायवरला रस्ता दिसतो, पुढं जायचं मालक ठरवतो."

लिंबाखालच्या त्या पुरी-भाजीनंतर मी भैयाची गाडी सोडली. भांडलो न्हाई. पुढच्या रविवारी गेलोच न्हाई, बस.

मला माझी गाडी पाह्यजे व्हती. भोकरदनच्या गॅरेजमधी काम करनाऱ्यानं रेसची गाडी करायची म्हनलं की लोक येडा म्हनतात. म्हनू द्या. जालन्यात कुठकुठलं भंगार येतं आन् भट्टीत जाऊन त्याची सळई व्हती. तिथं भंगारवाल्या सत्तारचाचाच्या वाड्यात मला एक जुनी आठशे सीसीची बारकी गाडी सापडली. चाकं न्हाई, काचा न्हाई, छतावर दुसऱ्या दोन गाड्या. दुसऱ्या दिवशी गॅसकटरनं तिचे तुकडे व्हनार व्हते. मी खाली वाकून पाह्यलं. चेसिस सरळ व्हतं.

चाचा म्हनला, "मरी नै है रे ये. सोई है."

त्याची क्रेन महिनाभर बंद व्हती. ती मी चालू करून दिली, त्यानं मला ती गाडी दिली. इंजिन दुसऱ्या गाडीचं, सीट तिसऱ्याच गाडीची, एकच, ड्रायवरची. बाकी सगळं आतून काढून फेकलं. टायर भैयाच्याच दोस्तांनी टाकून दिलेले. त्यांना ते झिजलेले वाटले, मला अर्धे नवे वाटले. गाडी उलटली तर मानूस वाचावा म्हनून आतून पायपाचा पिंजरा लागतो. पहिला मी नळाच्या पायपाचा केला. क्लबाच्या तपासनीसानं पाह्यल्याबरोबर नापास केला, आन् ते बराबरच व्हतं. तो जोडाचा पाइप व्हता, फाटला असता. परत कापला, बिनजोडाचा पाइप आनला, परत वाकवला, परत वेल्डिंग. हेल्मेट मातर नवं घेतलं. चाचा म्हनला व्हता, "सब भंगार में मिलता, सर नै मिलता."

सरावाला पैसे न्हाईत, मंग शनिवारी वॉचमनला इचारून मी ट्रॅकवर पायी चालायचो. नऊची नऊ वळनं. कुठं डांबर उखडलंय, कुठं मिलची जुनी नाली वरून बुजवलीय, पायाला सगळं कळतं. गाडीत बसून कळलं नसतं इतकं कळलं.

मंग नवख्यांच्या रेसचा फॉर्म भरला; लायसन न्हाई तो नवखा, भैया बी त्यातच. दहा चक्कर. पहिल्या सहा जनांना क्लबाचा कागद मिळतो, आन् तो कागद असला तरच रेसच्या लायसनचा अर्ज घेतात, मोठ्या ट्रॅकवर उतरता येतं. मला तो कागद पाह्यजे व्हता. त्याच्यावर माझं नाव, नावाच्या आधी ड्रायवर. दुसरं काई नको व्हतं.

टेबलावरच्या पोरीनं इचारलं, "गाडीचे मालक कोण?"

"मीच."

"आणि ड्रायव्हर?"

"मीच."

तिनं वर पाह्यलं. मंग दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलं.

रेसच्या सकाळी बाप चुलीपाशी आला. अंगात पांढरा शर्ट, हातात मालकाच्या गाडीची चावी. म्हनला, "मालकानं बोलावल्तं. तुला सांगायला लावलंय. रेस खेळ म्हनले, पन हर्षभैयाच्या मागं ऱ्हा. मागं कुठं बी ऱ्हा." मी हेल्मेट उचललं. तवा माझ्या बापानं माझ्यापुढं हात जोडले. जोडलेल्या हातात ती चावी. "सव्वीस वर्षांत मी एकदा बी पुढं काढली न्हाई रे. माझ्या भाकरीवर पाय देऊ नको."

हिरवा झेंडा पडला. चौथ्या चक्कराला मी सातवा व्हतो. माझ्या पुढं सहावी भैयाची लाल गाडी. म्हंजे कागद आन् माझ्यामधी तेवढी एक गाडी.

पाचव्या वळनाला तो भितो, हे मला म्हाईत व्हतं. मीच त्याला तिथं ब्रेक मारायला शिकवल्तं, आन् तो लई जल्दी मारतो. तिथून बाहेर पडताना माझी गाडी त्याच्या दाराच्या बराबरीला यायची. समोर सरळ रस्ता, जागा मोकळी. आन् तिथं माझी गाडी मरायची. चौथ्या चक्कराला मेली. पाचव्याला मेली. सहाव्याला बी.

मी मेकॅनिक. मी फॉल्ट शोधायला लागलो. केबल अडकती का? पेट्रोल तुटतं का? इंजिनचा आवाज ऐकला. इंजिन बिलकुल खनखनीत. सातव्या चक्कराला मी खाली, माझ्या पायाकडं ध्यान दिलं. आमच्याकडं ॲक्सिलेटरला रेसच म्हनतात. लाल गाडीचं दार माझ्या बराबरीला आलं, आन् रेसवरचा माझा पाय उचलला गेला. मी उचलला न्हाई. आपोआप.

फॉल्ट गाडीत नव्हता. तो पाय माझ्या बापाचा व्हता.

हेल्मेटच्या आत मी रडलो. रागानं रडलो. आठव्याला परत उचलला. मी स्वतःला अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येनार न्हाई. बापाला बी दिली. नवव्या चक्कराला पाचवं वळन आलं, त्यानं जल्दी ब्रेक मारला, दार बराबरीला आलं, आन् मला तो रुमाल दिसला. खुर्ची पुसनारा. मी पाय दाबून ठेवला. लाल गाडी आधी खिडकीत व्हती, मंग आरशात गेली. आमच्या घरात कोनी मालकाला आरशात पाह्यलं नव्हतं.

सहावा आलो.

अर्ध्या तासानं मला बोलावनं आलं. भैयाकडून तक्रार आल्ती. सकाळी ज्या तपासनीसानं माझ्या पिंजऱ्यावर पासचा स्टिकर चिटकवल्ता, तोच परत माप घेऊन बसला. म्हनला, "पाइपाची जाडी कमी भरते."

"सकाळी बराबर भरली व्हती, साहेब."

"सकाळी घाई होती."

यादीतल्या माझ्या नावावर त्यानं पट्टी ठेवून लाल रेघ मारली. सातवा सहावा झाला. भैयाला कागद मिळाला.

मंग भैया माझ्याकडं आला. खांद्यावर हात ठेवला. आता कसं ग्रीस चाललं कोन जाने. म्हनला, "हे बघ, मेकॅनिक तू एक नंबर आहेस. सॉरी म्हण, विषय संपला. गाडी परत सांभाळ माझी, पुढच्या वेळी नक्की टाकतो तुझं नाव, दोन नंबरला." मंग जाता जाता इचारलं, "जेवलास का?"

लगनातलं ते वराडनं कानात वाजलं. मी त्याचा हात खांद्यावरून काढला.

"भैया, तुमच्या गाडीच्या एका बी नटाला आता माझा पाना लागनार न्हाई. नाव टाकू नका. आन् माझं जेवन मी घरून आनलंय."

गाडीतून डबा काढला आन् तंबूत गेलो. पाटी तीच व्हती. तिसऱ्या रांगेत, लाल खुर्चीवर, तशाच ग्रीसच्या हातानं बसलो. डबा उघडला. भाकरी आन् ठेचा. बक्षिसाच्या तयारीत असलेले लोक पाहत राह्यले. गार्ड आला. आमच्यासारख्याच घरचा मानूस दिसला, त्याच्या आवाजात दम नव्हता. "उठा भाऊ. ड्रायवर लोकांची जागा हाय."

"म्हनूनच बसलोय. जेवन झालं की उठतो."

झालं तवाच उठलो. खुर्ची पुसली न्हाई.

सोमवारी मालकानं बापाकडून चावी घेतली. तिथल्या तिथं, ओट्याच्या खाली उभं करून. गोठ्याच्या खिडकीतला कप बापानं सोबत आनला का तिथंच ठेवला, मी इचारलं न्हाई. तवापासून बाप माझ्याशी बोलत न्हाई. मायनं वाढलं की ताट उचलून भायेर जातो आन् रस्त्याकडं तोंड करून, उकिडवं बसून खातो. घरात बसा म्हनलं तरी बसत न्हाई. गाडी भायेर उभी हाय असंच त्याला वाटत असंल. माझ्यामुळं झालं हे. मी न्हाई म्हननार न्हाई.

पन माफी मागनार न्हाई. भैयाची न्हाई, मालकाची न्हाई, बापाची बी न्हाई.

पिंजरा परत कापलाय. नियमात लागतो त्याच्यापेक्षा जाड पाइप आनलाय. नियमाचं पुस्तक क्लबाकडून मागून घेतलंय, डिक्शनरी घेऊन वाचून राह्यलोय. माप घेनाऱ्याला आता सांगनार, जे मोजलं ते कागदावर लिहा आन् खाली सही करा, सकाळी बी आन् रेस झाल्यावर बी. पुढचा फॉर्म भरलाय. लायसन हातात येईस्तोवर भैया बी त्याच रेसमधी. मालक मी. ड्रायवर मी. परत रेघ मारतील तर मारू द्या. मी परत भरीन.

पाचव्या वळनाला ती लाल गाडी पुढं असंलच. पाय उचलनार न्हाई.