खोकं गाडीला, पिशवी घरात

मल्लू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. मोहोळहून त्याची बायको महादेवी बोलत होती. "वन्सं, ह्ये उठंनात... डॉक्टर बी येऊन गेले." फोन ठेवला आणि माझी नजर गेली ती दारामागच्या खुंटीखाली. तिथे त्याची निळी पिशवी होती. मागच्या आठवड्यात ठेवून गेला होता तशीच, चेन बंद.

मल्लू, म्हणजे मल्लिनाथ, माझा धाकटा भाऊ. मी चौथीपर्यंत शिकले आणि सोलापुरात शाळेची दप्तरं शिवून संसार केला. त्याचं मोहोळला बोअरच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. ते पोराच्या हवाली केलं आणि केस पांढरे झाल्यावर याला मोटारसायकलवरून हिंडायची हौस सुटली. कधी हंपी, कधी बदामी, कधी पार गोकर्ण. जाताना नाहीतर येताना मुक्काम माझ्याकडे. गाडीच्या दोन्ही बाजूंना त्याने ॲल्युमिनियमची खोकी बसवून घेतली होती, नटबोल्टने आवळलेली, काढता न येणारी. कपडे आत तसेच कोंबलेले. धक्क्यांनी पत्र्याला घासून पांढरे शर्ट काळे व्हायचे, पाऊस लागला की तळचे भिजायचे. घरी आला की खाली गल्लीत उभा राहून एकेक कपडा काढायचा, कट्ट्यावर मांडायचा आणि मग जिन्यावरून चार खेपा घालायच्या. समोरची शेजारीण मला म्हणाली, "अक्का, तुमच्या भावाच्या बनियनला कुठंकुठं भोकं हायत, समद्या गल्लीला पाठ झालंय."

म्हणून मी पिशव्या शिवायला घेतल्या. दप्तराचं कापड होतंच, आतून रबर चढवलेलं. एक निळी, एक लाल. उरले होते तेच रंग. खोक्यात वर्तमानपत्र दाबून बसवलं, घड्या पडल्या तिथे कापलं आणि त्या मापाने निळी बरोब्बर खोक्याएवढी शिवली. तिथेच चुकलं. कपडे भरल्यावर पिशवी फुगली आणि आत अशी रुतून बसली की निघेना.

"अक्का, लई घट्ट झाली की गं!"

"मापानं शिवलीय."

"मग आता काय खोकं कापू व्हय?"

त्याने पाय चाकाला लावून जोर केला. पिशवी निघाली नाही, गाडी मात्र माझ्या तुळशीच्या कुंडीवर आडवी झाली. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी कपडे उपसून पिशवी बाहेर काढली, शिवण उसवली, चारी बाजूंनी दोन बोटं आत घेतली, तळ तोंडापेक्षा अरुंद केला, सायलेन्सरच्या बाजूला खोक्याला खाच होती तशी पिशवीलाही दिली आणि वर दोन जाड बंद लावले. झाकण उघडा, बंदाला धरा, उचला. खोकं गाडीला राहतं, पिशवी घरात येते. काम चांगलं झालं होतं. मी चांगलंच करते.

पण त्या पिशव्यांनी माझी वेगळीच पंचाईत केली. आधी कपडे काढण्या-भरण्याचा एवढा कुटाणा असायचा की एकदा आला की दोन दिवस हलायचा नाही. खुंटीवर लुंगी, खुर्चीवर टॉवेल, मोरीत साबण, आणि हा पाटावर बसून कडक भाकरी मोडत माझ्याशी भांडत असायचा. आता पिशवी दारात टेकवायची, चहा प्यायचा, बंदाला धरायचं आणि चालू पडायचं. चेनसुद्धा उघडायची नाही. मी म्हणायचे, "अरे, लुंगी तरी काढ." तर म्हणायचा, "कशाला गं? परत भरत बसावं लागतंय." पिशवीची एवढी सोय झाली की माणूस घरात येऊनही आल्यासारखा वाटेना. मला याचा भयंकर राग यायचा.

एक गोष्ट मात्र तो पाळायचा. आमच्या आईचा नेम होता, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मल्लूने तो पिशवीलाही लावला. चेन बिघडली, शिवण सुटली म्हणून पिशवी माझ्याकडे टाकली, तर आत काहीतरी असायचंच. बोरं, पेरू, एकदा तर गोकर्णहून आणलेला नारळ, सोलायचा तसाच. दुरुस्तीला बसावं तर आधी हे सगळं उपसा. मग परत देताना मीही शेंगाच्या चटणीचा पुडा टाकायचे.

दोन हातांत दोन पिशव्या घेऊन तो जिना चढायचा. यंदा एकच आणायला लागला. विचारलं तर म्हणे, "दुसरीत नुस्ते पाने-पकडी हायती." मी जिन्याकडे कान ठेवला. पिशवी मधल्या पायरीवर टेकल्याचा आवाज यायचा... मग बराच वेळ काहीच नाही... मग पुन्हा पावलं. महादेवीला फोन करून मीच त्याला तपासणीसाठी तयार करायला लावलं. सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात जायचं, म्हणून आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला यायचं ठरलं.

आला. निळी पिशवी दारामागे ठेवली. मी भाकरीचं पीठ काढलं तेवढ्यात सांगोल्याहून त्याच्या मित्राचा फोन. डाळिंबाच्या बागेतली मोटार जळाली होती आणि मित्राला ती मल्लूच्याच हातून भरून हवी होती.

"मल्ल्या, उद्या तपासणी हाय."

"ती हुईल की फुडच्या आठवड्यात. तवर बाग वाळंल त्येची."

"आणि तुला काय झालं म्हंजे?"

"मला काय धाड भरलीय? पिशवी राहू दे हितं. येणारच की मी."

पाने-पकडी लाल पिशवीत, ती गाडीवरच. रिकाम्या हातांनी खाली उतरला आणि गेला. पिशवीऐवजी सगळे कपडे खोक्यातून काढून वर आणावे लागले असते, तर त्याने एवढ्या झटकन पाय उचलला असता का? मोटार भरून झाली, बागेला पाणी मिळालं, आणि हा मोहोळला घरी जाऊन झोपला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणे, तपासणी झाली असती तरी काही सांगता येत नाही. त्यांना सांगता येत नसेल. मला येतं.

दिवसकार्य झाल्यावर महादेवी आली. गाडी त्या सांगोल्याच्या मित्राला दिली होती. ती चाचरत म्हणाली, "वन्सं, खोक्यात कपडे घासत्यात म्हनं. निळी पिशवी द्याल का?" मी नाही म्हणणार होते. पण पिशवी वापरायला शिवलेली असते, पुजायला नाही. आणि त्या मित्राची तरी काय चूक? नको म्हणायचं होतं ते मल्लूने.

चेन मीच उघडली. वर लुंगी, खाली टॉवेल, साबणाची डबी, सकाळी दवाखान्यात घालायचा इस्त्रीचा शर्ट. राहायच्या तयारीने आला होता म्हणजे. महादेवी तोंडाला पदर लावून बसली. मी कपडे तिच्यापुढे ठेवले, पिशवी झटकली, आत चटणीचा पुडा टाकला, चेन ओढली आणि तिच्या हातात दिली.

लुंगी मात्र दिली नाही. ती खुंटीवर टांगली. एवढंच करायचं होतं त्याने.