आत्याचा शून्य पूर्णांक त्रेपन्न

चोमा गावातल्या छोट्या दवाखान्यात मुतिंता रक्त तपासते. तिचं यंत्र जुनं आहे. ते दोनच आकडे सांगतं: रक्तातली एकूण प्रथिनं आणि त्यातलं अल्ब्युमिन. एकूणातून अल्ब्युमिन वजा केलं की उरतं ग्लोब्युलिन, आणि त्या उरलेल्यानं अल्ब्युमिनला भागलं की निघतं प्रमाण. हे सगळं मोबाइलवर. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिनं घाईत वजाबाकी गाळली आणि एका सकाळीत नऊ धडधाकट माणसांना कागदावर आजारी पाडलं. मग सायकल दामटत नऊ घरी दुरुस्त कागद पोचवले. एका आजोबांनी तर निरोपाच्या जेवणासाठी बोकड कापला होता. तो काही परत जिवंत होणार नव्हता, म्हणून मुतिंता जेवूनच आली.

शुक्रवारी तिची चोलवे आत्या आली. वीस वर्षं चर्चमध्ये पुढे उभी राहून गाणं उचलणारी बाई, पण आज आवाज इतका बारीक की जणू तो पुरवून वापरायचा होता. थकवा येतो म्हणून दुसऱ्या दवाखान्यात रक्त तपासलेलं, त्याचा कागद हातात. प्रमाण शून्य पूर्णांक त्रेपन्न. एकाच्या खाली गेलं म्हणजे यकृत संपलं, असं शेजारणीनं सांगितलेलं. उद्या मोंझेला गाण्यांची स्पर्धा, आणि आत्यानं आपली जागा म्वीम्बाच्या आईला देऊन टाकली होती.

"तिला? ती तर शेळीसारखी गाते," मुतिंता म्हणाली.

"मेलेल्या बाईपेक्षा बरी ना."

मुतिंतानं कागद पाहिला. एकूण ऐंशी, अल्ब्युमिन बेचाळीस. आणि तिला हसू फुटलं, आवरेच ना. बेचाळीसला ऐंशीनं भागलं होतं! तिचीच जुनी चूक.

"आत्या, ताटात मक्याच्या पिठाचा न्शिमा किती आणि भाजी किती, हे ताडून पाहायचं होतं. तिथल्या माणसानं न्शिमा अख्ख्या ताटाशी ताडून पाहिला. भाजी अडतीस. बेचाळीसला अडतीसनं भाग."

आत्यानं मोबाइलवर बोट आपटत भागलं. एक पूर्णांक एक. पुन्हा भागलं. तिसऱ्यांदा भागलं.

मुतिंतानं तरीही ताजं रक्त घेतलं. आकडे तसेच आले. थकवा कसला ते डॉक्टर बघतीलच, असंही तिनं बजावलं. पण आत्या ऐकायला होती कुठे? तिनं फोन लावला होता.

"म्वीम्बाची आई, वाईट बातमी आहे. मी बरी आहे."

मग तिनं दवाखान्याच्या पायरीवरच गाणं उचललं. रांगेतल्या बायांनी साथ धरली. मुतिंता सुई हातात घेऊन आतून ठेका देत राहिली, आणि पुढचा पेशंट नम्रपणे म्हणाला, "ताई, गाणं संपू दे, मग टोच."